आईच्या आवाजाची एकुलती प्रत

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या आहेत. त्या फिरल्या तरच मला काही आठवतं.

सात वर्षांपूर्वी मला एका घरी आणलं. तिथल्या आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर तिला बोलता येणार नव्हतं. म्हणून ती आठ दिवस खिडक्या लावून बसली आणि तिने तीन वर्षांच्या लेकीसाठी एकतीस गोष्टी रेकॉर्ड केल्या. बाबांनी त्या माझ्यात भरल्या, मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि काळजी मिटली असं म्हणाले.

माझी काळजी तिथेच सुरू झाली. नुसतं पडून राहणं आम्हाला सोसत नाही. आतले भाग जखडतात. पण आईला स्वतःचा जुना आवाज ऐकवेना, म्हणून मला कुणी जोडलंच नाही. कपाटाचं दार करकरलं की मला एकच धास्ती वाटायची. आज मी फिरलेच नाही तर?

लेक दहा वर्षांची झाली आणि गोष्टींसाठी हटून बसली. बाबांनी मला जोडलं. मी जिवाच्या आकांताने धडपडले. टक् टक् झालं आणि सगळं थांबलं. बाबा पुन्हा जोडणार, तोच मी आणखी बिघडू नये म्हणून आईने माझी वायर काढून घेतली.

मला दुरुस्तीला नेलं. तिथल्या बाईंनी दुसरी प्रत मागितली. बाबांनी ती केलीच नव्हती. मग बाईंनी मला उघडलं. मी भीतीने गारठले होते. तीन दिवसांनी तीस गोष्टी निघाल्या. सतरावी गेली ती गेलीच.

"आता कायमची टिकेल अशी वस्तू कोणती घेऊ?" बाबांनी विचारलं.

"तशी कुठलीच नसते," बाई म्हणाल्या. "दोन वेगवेगळ्या प्रकारच्या घ्या. एक दुसऱ्या घरी ठेवा. आणि दर वर्षी लावून बघा."

बाबांनी एक नवी हार्ड डिस्क आणि जास्त टिकणाऱ्या काही सीडी घेतल्या. गोष्टी दोन्हींवर भरल्या आणि सीडी आत्याकडे ठेवल्या. सतरावी गोष्ट आईने आठवून आठवून वहीत लिहिली. लेकीने ती मोठ्याने वाचली आणि लेकीच्याच आवाजात ती गोष्ट बाकीच्या तीस गोष्टींमध्ये जाऊन बसली.

मी आता फिरत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरच्या एखाद्या खणात माझी बहीण पडून असेल. आजच तिला जोडून पाहा, आणि ती फिरली तर लगेच दुसरी प्रत करा. ती हाक मारू शकत नाही, पण फार घाबरलेली असते.