डावा हात

चौदा महिन्यांचा नातू डावरा निघाला, याचा आजोबांना इतका अभिमान होता की वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी ते ऐकवल्याशिवाय सोडलं नाही. "शेवटी कोणीतरी माझ्यावर गेलं!"

त्या रविवारी मुलाची आत्या, म्हणजे आजोबांची मुलगी, बऱ्याच दिवसांनी माहेरी आली होती. अडखळत वाढणाऱ्या मुलांना हालचाली शिकवणं हा तिचा व्यवसाय. जमिनीवर बसून ती नुसती पाहत राहिली. चेंडू उजवीकडे ठेवला, तरी मूल अख्खं वळून तो डाव्या हातानेच उचली. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. रांगताना उजवा पाय मागे रेंगाळे. या वयात मुलं सहसा हात निवडत नाहीत. एकच हात वापरत असतील, तर आधी दुसऱ्याची चौकशी करावी, हे तिला शिकवलेलं होतं. घाईने निदान करू नये, हेही.

तिने मुलाचा डावा हात हलकेच धरून ठेवला.

"सोड त्याचा हात!" आजोबा कडाडले.

"बाबा, मी फक्त बघतेय."

"आमचे मास्तरही फक्त बघायचे. माझा डावा हात बाकाला बांधून! या घरात ते चालणार नाही."

मूल रडकुंडीला आलं, पण उजवी मूठ उघडली नाही. चहा घेऊन आलेली वहिनी, मुलाची आई, दारातच थबकली. "ताई, मलाही शंका येत होती. पण बाबा इतके खूश होते…"

"तो डावरा आहे की नाही, मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "उजवा हात चालत नाही, एवढं दिसतंय. डॉक्टरांना दाखवू."

तपासण्यांत शंका खरी ठरली. जन्माच्या सुमारास मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली होती. उपचारांत, उजवा हात कामाला लागावा म्हणून, रोज काही वेळ डाव्या हातावर बंद हातमोजा चढवायचा होता.

"म्हणजे बांधायचाच," आजोबा म्हणाले.

"हो." गोड करून सांगणं आत्याला कधी जमलं नाही. "तुमच्याकडून एक हात काढून घेतला. याला दुसरा मिळवून द्यायचाय. मग कुठल्या हाताने जेवायचं, ते तो ठरवेल."

"आणि नाही मिळाला तर?"

"पूर्ण मिळणार नाही बहुधा. किती मिळेल, ते केल्याशिवाय कळणार नाही."

आजोबांनी हात पुढे केला. "आण इकडे. मीच घालतो."

मुलाने टाहो फोडला. मोजा दातांनी ओढून पाहिला, मग आजोबांकडे असं पाहिलं की वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. आजोबा जागचे हलले नाहीत. त्यांनी डब्याचं एक झाकण मुलाच्या उजव्या अंगाला सरकवलं.

रडणं ओसरल्यावर केव्हातरी उजवी मूठ कोपरापासून वळली आणि झाकणावर आपटली. झाकण घरंगळत गेलं.

"पकडलं नाही," आजोबा म्हणाले.

"नाही. पण त्याच हाताने पकडायला गेला."

आजोबांनी गुडघ्यांवर जाऊन झाकण आणलं आणि पुन्हा उजवीकडे ठेवलं. या वेळी जरा जवळ.