कोंबडा की कोंबडी

प्रतीक्षाची शिट्टी वाजायची, पण पोचायची नाही. औंढ्याच्या माळावरचा वारा तिला अर्ध्या वाटेतच गिळून टाकायचा. शिबिरातल्या गौरवदादाची शिट्टी मात्र अशी कडाडायची, की झाडावरची पाखरंही रांगेत उभी राहतील असं वाटावं.

उन्हाळी शिबिराच्या प्रमुख रेणुकाताईंनी पोरं सांभाळायला नव्यानंच आलेल्या प्रतीक्षाला पहिल्याच सकाळी सांगितलं होतं, की गटाच्या ताईचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. हे शिबिर होऊ दे, मग पुढचं बघू. इथून नकार आला, तर आपल्या गावाहून, टाकव्याहून, रोज उर्स्याच्या गोदामात खोकी चिकटवायला जायचं, असं घरी ठरून गेलं होतं. आणि तिला तर पोरांत राहायचं होतं.

स्वयंपाकघरातल्या सारजामावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरी, तुजी शिट्टी म्हंजे ताकात पडलेली माशी. धडपड लय, आवाज न्हाई."

तिच्या गटात पुण्याची केतकी होती. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्यांची, आल्यापासून आपल्या बॅगेवरच बसलेली. खेळाला बोलवावं तर मान हलवायची. आई कधी येणार, एवढंच विचारायची. गौरवनं तिच्यासमोर टाळ्या वाजवल्या, नाचून दाखवलं. ती आणखीच आक्रसली.

त्या दिवशी सगळे टेकडीवर निघाले. जाळ्या करवंदांनी काळ्याभोर झालेल्या. प्रतीक्षानं एक करवंद तळव्यावर ठेवलं आणि केतकीशेजारी उकिडवी बसली.

"कोंबडा की कोंबडी?"

केतकीला काही कळेना. मग प्रतीक्षानं सांगितलं, की आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. फोडेपर्यंत कुणालाच कळत नाही, टाकव्यात जन्मलेल्यांनाही नाही. हरेल त्यानं आरवायचं.

"मी विचारणार," केतकी म्हणाली. तिनं करवंद शोधून आणलं, पाठीमागे लपवलं, पुढे धरलं. प्रतीक्षा म्हणाली कोंबडी. निघाला लालभडक कोंबडा.

मग काय, प्रतीक्षानं ओढणी कमरेला खोचली, मान उंच केली आणि पोटातून आरवली. ओढ्यापलीकडच्या म्हशींनी माना वळवल्या. केतकी हसली, तशी तिच्या दातांवरची जांभळी साल दिसली. मग पोरांचा गराडाच पडला. गौरवही हरला, पण हात झटकून म्हणाला, दादा लोक आरवत नसतात. पोरांनी पुन्हा काही त्याला विचारलं नाही.

परतायची वेळ झाली. पोरं जाळ्याजाळ्यांतून पांगलेली. गौरवनं शिट्टी मारली. सकाळपासून ती इतक्यांदा वाजली होती, की पोरांच्या कानांना तिची सवय झाली होती. चार-दोन आली, बाकीची कुठं दिसेनात. गौरव वाजवून वाजवून लाल झाला. केतकीचाही पत्ता नव्हता. खाली दरी होती, आणि रेणुकाताईंचा चेहरा उतरत चालला होता.

प्रतीक्षानं गळ्यातली शिट्टी हातात घेतली, सोडून दिली, आणि आरवली.

उंबराखालून एक कोंबडा आरवला. खडकामागून दुसरा. मग टेकडीभर पहाटच झाली जणू. जाळीजाळीतून पोरं आरवत, ओरबाडलेल्या हातांनी, चिकट तोंडांनी धावत आली. सगळ्यांत शेवटी केतकी, फ्रॉकचा ओचा करवंदांनी भरून. "थांब ना ताई, अजून हरायचंय तुला," ती म्हणाली.

तळावर आल्यावर पोरांचे डागाळलेले कपडे रेणुकाताईंनी एकेक करून पाहिले. मग त्यांनी प्रतीक्षापुढे हात केला.

"शिट्टी दे."

प्रतीक्षाच्या डोळ्यांपुढे उर्स्याचं गोदाम उभं राहिलं, ओळीनं लावलेली खोकी आणि चिकटपट्टीचा वास. तिनं शिट्टी काढून दिली. रेणुकाताईंनी ती खिशात टाकली आणि दुसरी मूठ उघडली. मुठीत एक टपोरं करवंद होतं.

"सांग."

"कोंबडा," प्रतीक्षा कशीबशी म्हणाली.

ताईंनी दातांनी फोडलं. पांढरट निघालं.

"कोंबडी. पुढच्या शिबिरातही अशीच हरत जा," त्या म्हणाल्या. "आता आरव. जेवायला बोलवायचंय सगळ्यांना."