भरदुपारचं ब्रह्मकमळ

"अहो, डोकं खाली घ्या, मागच्यांना दिसत नाहीये!"

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भरदुपारी पडदे ओढलेले, एकच मंद दिवा आणि त्याखाली कुंडीत ब्रह्मकमळाची टपोरी कळी. हे फूल रात्री उमलतं, सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण फुलगुरूंनी नजर लावली की ते दुपारी उमलतं, अशी ख्याती. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांदेखत ते उमलत होतं! बाहेरच्या तांबूस पाकळ्या मागे सरल्या, आतल्या पांढऱ्या एकेक सुटत गेल्या, वास खोलीभर दरवळला. कुणीतरी चक्क हुंदका दिला.

"निसर्ग माझ्या नजरेचा शब्द मोडत नाही," फुलगुरू म्हणाले. "ही कंपनं आहेत. विज्ञान अजून इथवर पोचलेलं नाही. पोचेल. मी वाट बघतोय."

हे गृहस्थ पूर्वी गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या विकत. बोलण्यात हुशार. फूल रेंगाळलं की त्यांचं प्रवचन लांबे, फुलानं घाई केली की तेही भराभर उरके.

शेवटी पाकळ्यांवरून ओघळवलेलं पाणी डोळ्यांचं औषध म्हणून डोळ्यांत घालायला वाटलं गेलं. माझे मामा सगळ्यांत पुढे, मान वर करून, डोळे ताणून बसले होते.

मामांना काचबिंदू. औषधाचे थेंब रोज घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. फुलगुरू म्हणाले, "रसायन आणि कंपन एका डोळ्यात नांदत नाहीत." झालं, थेंबांची बाटली कपाटात गेली. मामी भांडली, रडली. मीही बोलून पाहिलं. "तुम्हा लोकांना डोळे आहेत, पण दृष्टी नाही," असं मामा आम्हालाच सुनावत आणि उठताना स्टुलाला अडखळत.

पण मामी रडून गप्प बसणाऱ्यातली नव्हे. शिवाय तिच्या बाल्कनीत ब्रह्मकमळाच्या कुंड्याच कुंड्या, सगळ्या एकाच पानापासून वाढवलेल्या. या झाडाला कडक ऊन सोसत नाही, पाणी साचलं की ते सडतं, आणि कळी धरल्यावर कुंडी फिरवली तर कळी रुसून गळते, हे सगळं ती स्वतःच्या चुकांतून शिकलेली. जिना उतरताना मला म्हणाली, "फूल अस्सल आहे रे. वासही अस्सल. मग खोटं काय आहे, तेवढं शोधायचं."

ते सापडलं कपडे वाळत घालताना. फुलगुरूंची मागची खोली मामीच्या बाल्कनीसमोर येते. दिवसा त्या खोलीच्या खिडकीवर जाड घोंगडी, आणि रात्री त्याच घोंगडीच्या कडांतून लख्ख उजेड. मामी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. मग मला हाक आली, "अडगळीची खोली रिकामी करायला ये. आणि मामांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही!"

पहिली कळी गळाली. मामीनं स्वतःलाच शिव्या दिल्या आणि दुसरी कुंडी आत ठेवली.

पुढच्या एका रविवारी दुपारी तिनं सगळ्या इमारतीला बोलावलं. पडदे ओढलेले. कुंडीसमोर उशीवर तिचा गलेलठ्ठ बोका बसवलेला, गळ्यात मामांचा रेशमी रुमाल.

"यांची नजर पडली की फूल उमलतं," मामी गंभीरपणे म्हणाली. "शांतता राखा. यांना कंपनं येतायत."

बोक्याला जांभई आली. पण फूल खरंच उमलू लागलं! लोक चक्रावले. एका आजींनी बोक्याला वाकून नमस्कारही केला. फुलगुरू मात्र बेरके, पुढे होऊन म्हणाले, "माझीच शक्ती भिंती ओलांडून इथवर आली आहे!"

मामा तर गहिवरले. क्षणभर मला वाटलं, डाव उलटला.

"हो का?" मामी म्हणाली आणि बाल्कनीतून दुसरी कुंडी उचलून आणली. "ही याच झाडाची बहीण. कळी तितकीच भरलीये, आज रात्री उमलणार. तुम्ही आत्ता उमलवा."

फुलगुरूंनी नजर रोखली. कपाळावर घाम आला, आवाज चढला. कळी ढिम्म. बोका झोपी गेला.

"इथं कुणाच्या तरी मनात शंका आहे," फुलगुरू पुटपुटले.

"आहे ना, माझ्या," मामी म्हणाली, "पण ती मघाशी बोक्याला कशी नडली नाही?"

खोलीत हशा पिकला, मामाही हसले. मामीनं अडगळीच्या खोलीचं दार उघडलं. खिडकीवर घोंगडी, वर मोठा दिवा. "रात्रभर दिवा, दिवसभर काळोख. आठवडाभर असं केलं की झाडाची दुपार म्हणजे रात्र होते. त्याला घड्याळ कळत नाही, उजेड-अंधार कळतो. बाल्कनीतली फसली नाही, कारण तिला कुणी फसवलंच नव्हतं."

सगळ्यांनी फुलगुरूंकडे वळून पाहिलं, तर ते जिन्यात होते.

मामांनी बोक्याच्या गळ्यातला आपला रुमाल सोडवून घेतला. मग हळूच म्हणाले, "अगं, डाव्या बाजूचं जरा कमी दिसतंय मला."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल. घरी येऊन मामीनं विचारलं, "बोक्यावर हसलात तुम्ही सगळ्यांबरोबर. मग आधी त्या माणसावर का नाही हसलात?" मामांनी थेंबांची बाटली तिच्या हातात दिली आणि मान वर केली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आपणही शोधायला हवं. फुलाचं नवल जरूर वाटू द्या. रात्र जागवावी इतकं ते सुंदर आहे. पण ज्याला फूल उमलवता येतं त्याला डोळा बरा करता येतो, हे कुणी ठरवलं? एवढा एकच प्रश्न त्या दिवाणखान्यात आमच्यापैकी कुणीतरी मोठ्यानं विचारायला हवा होता. पुढच्या वेळी तो तुम्ही विचारा.