साडेसव्वीस इंच

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताईने सहा बाण धाकट्या भावाच्या कामाच्या टेबलावर टाकले आणि चहाला नाही म्हटलं.

"सहाच्या सहा डावीकडे जातात. वीतभर."

भाऊ लाकडी बाण बनवायचा. गुंजभर फरक निघाला तरी काडी बाजूला टाकायचा, म्हणून मैदानावर त्याला गुंज्या म्हणत. आता बायकोही म्हणायची.

"नाचता येईना..." गुंज्याने सुरुवात केली.

"अंगण तुझंच आहे," ताई म्हणाली. "हात हलला असता तर बाण चहूकडे गेले असते. हे मेंढरांसारखे एकामागून एक जातायत."

ते बरोबर होतं. ताई त्रेपन्न वर्षांची. एकोणीस वर्षं संघात, आणि शनिवारी नऊ वाजता निवड होती. जागा चार, बायका सात. धनुष्य लाकडी, बाण लाकडी. प्रत्येकीने सहा बाणांचा एकच संच पंचांना दाखवायचा आणि शेवटपर्यंत तोच वापरायचा. या वयात एकदा नाव गळलं की परत लागत नाही, हे ताईला कुणी सांगायला नको होतं.

लाकडी बाण सुटताना सरळ नसतो. त्याला धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जायचं असतं, म्हणून तो माशासारखा वाकतो. धनुष्याच्या जोराला काडी कडक पडली तर ती पुरेशी वाकत नाही, आणि उजव्या हाताने दोरी ओढणारीचा बाण डावीकडे जातो. मऊ पडली तर उजवीकडे. हा जोर धनुष्यावर जसा अवलंबून, तसाच ते किती इंच ओढलं जातं यावरही.

गुंज्याने एकेक बाण दोन खुंट्यांवर आडवा ठेवला, मधोमध वजन टांगलं आणि काडी किती झुकते ते मोजलं. ताईसाठी साडेसोळा मिलिमीटरचा बाक हवा, हे अकरा वर्षांपूर्वी ठरलं होतं. पाच बाण नेमके साडेसोळा निघाले. सहावा केसभर जास्त होता. तो गुंज्याने पुन्हा मोजला आणि स्वतःवरच चिडला. मग धनुष्य काट्याला लावलं. अठ्ठावीस इंच ओढल्यावर चाळीस पौंड. तिथेही दोष नव्हता.

"आता तुझी ओढ."

ताईने खुणांची काडी दोरीला लावली आणि हनुवटीपर्यंत ओढली. अठ्ठावीस इंच. वर तशीच धरून बोललीही, "मोज नीट. घाई नाही मला."

ती हात धुवायला आत गेली. गुंज्याची बायको खिडकीशी बसून पिसं कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"मोजताना सगळेच पोट आत घेतात."

"ताईला पोट नाही."

"खांदा आहे ना."

हिवाळ्यात ताईचा उजवा खांदा निखळला होता. तीन महिन्यांनी ती मैदानावर परतली आणि तो विषय तिने बंद केला. पुन्हा निखळला तर धनुष्य कायमचं ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेही तिने एकदाच सांगितलं, तेही गुंज्याच्या बायकोला.

गुंज्याने एका बाणावर पेन्सिलीने अर्ध्या अर्ध्या इंचावर बारीक रेघा ओढल्या आणि ताईला कारखान्यामागच्या बोळात नेलं. तिथे पेंढ्याचा गठ्ठा बांधलेला होता.

"गठ्ठ्याकडे बघून मार. पिसं कुठे घासतात का, ते मी बाजूने पाहतो."

तिने तोच बाण तीनदा मारला. नेम धरताना, मोजमापाचा विचार नसताना, तिन्ही वेळा धनुष्याशी एकच रेघ आली. साडेसव्वीस. चेहऱ्यावर मात्र पूर्ण ओढल्याचं समाधान.

दीड इंच कमी म्हणजे चाळीसच्या जागी जेमतेम छत्तीस पौंड. त्या जोराला बाक सव्वाअठराचा हवा. बाण बिघडले नव्हते, बाई आखडली होती.

सांगावं, तर ती उद्यापासून दात-ओठ खाऊन अठ्ठावीस ओढणार. हे गुंज्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने बाण पुसला.

"काड्या कडक निघाल्या. माझी चूक."

आत कात्रीचा आवाज थांबला.

"काय म्हणालास? गुंज्या चुकला?" ताई हसली, आठवड्यात पहिल्यांदा. "वहिनी, ऐकलंत का? मैदानभर सांगते बघ!"

"सांग."

साठ काड्या मोजल्यावर सव्वाअठराच्या आठ मिळाल्या. त्यातल्या सहांना त्याने टोकं बसवली, खाचा कापल्या आणि ताईच्या आवडीची लाल पिसंच चिकटवली. जुना संच कोणता आणि नवा कोणता, हे फक्त नव्या बाणांच्या खाचेजवळच्या शाईच्या ठिपक्यावरून कळत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मैदानावर ताईने नवे सहा बाण मारले. सहाही जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात बसले. ती गुंज्याच्या पाठीत धपाटा घालून बाकीच्या बायकांकडे वळली.

"धाकट्याने लाकूडच चुकीचं दिलं होतं! आणि मला वाटत होतं, खांदा गेला. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. आता काय, मोकळं रान. उद्या बघा, सपाटून ओढते की नाही!"

हे बाण साडेसव्वीसचे होते. उद्या तिने खरोखर सपाटून ओढलं तर ते सहाच्या सहा उजवीकडे जाणार होते, खांदा शाबूत राहिला तरी.

गुंज्याने तिला नळापाशी नेलं.

"ताई, जुने बाण कडक नव्हते."

"मग?"

"तुझी ओढ साडेसव्वीस झालीय. काल रेघा मारून पाहिली. हे बाण त्या मापाचे आहेत."

ताईने नळ सोडला, हात धुतले आणि नळ बंद केला.

"म्हणजे खोटं बोललास."

"हो."

"आणि आता खरं बोलतोयस. निवडीच्या आदल्या संध्याकाळी. तुझी वेळ साधायची कला आहे हं."

"तू सपाटून ओढणार म्हणालीस म्हणून. आज ओढलंस तेवढंच उद्या ओढ. बस्स."

"आज मला माहीत नव्हतं, गाढवा. आता दोरी ओढताना मी नेम धरू की इंच मोजू?"

गुंज्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"जुने कुठे आहेत?" तिने विचारलं.

"पिशवीत. पण ताई, ते मारायचे तर अठ्ठावीस ओढावं लागेल. डॉक्टर..."

"विचारलं नाही मी."

तिने दोन्ही संच एकाच भात्यात घातले आणि चालू लागली.

शनिवारी सकाळी तिने फोन उचलला नाही. आठ चाळीसला गुंज्या आणि त्याची बायको मैदानावर पोहोचले, तेव्हा कुंपणाचं दार बंद झालं होतं. नऊ वाजता सातही जणींनी आपापले बाण पंचांच्या टेबलावर मांडले. ताईच्या जागी सहा लाल पिसांचे बाण दिसत होते. इतक्या लांबून ठिपका दिसत नव्हता.

"कुठले असतील?" बायकोने विचारलं.

"गप."

ताईचा नंबर तिसरा. नऊ वाजून चौदा मिनिटांनी ती रेषेवर उभी राहिली, पहिला बाण लावला आणि ओढला. हात कुठे थांबला, हे तिच्या पाठीमागून कळायला मार्ग नव्हता. बाण सुटला. तिने धनुष्य खाली घेतलं आणि दुसरा बाण काढला. पंच लक्ष्याच्या फलकाकडे सहा बाण झाल्यावरच जाणार होते; तोवर बाण कुठे लागला, हे कुंपणापाशी कळणार नव्हतं.