मालनचा कोरा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. लगेच नाक मुरडू नका! आज माझा एक पाय विटेवर टेकवलेला आहे आणि रंगाचे पोपडे उडालेत, हे मलाही दिसतं. पण घाटकोपरच्या भटवाडीत मुलींच्या कबड्डीचे गुण मांडत मी जी वर्षं काढली, त्यात जेवढी मजा केली, तेवढी शाळेतल्या एकाही फळ्याने केली नसेल. पैज लावा!

माझा जन्म काही थाटाचा नाही. सीताराम सुताराने खोक्यांच्या फळ्या जोडून मला उभं केलं, काळा रंग फासला आणि म्हणाला, "दोन पावसाळे टिकला तरी खूप." घ्या! सीताराम केव्हाच गावी गेला, मी अजून इथेच आहे.

आमच्या मंडळाचे मास्तर होते गुणाजी. माणूस मालवणचा, आवाज खणखणीत. त्यांनी एक पद्धत पाडली होती. सामना संपला की जिने चढाईत सगळ्यात जास्त गुण मिळवले, तिचं नाव माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि तिला नारळ द्यायचा. पकड करणारीला नुसत्या टाळ्या. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नारळ म्हणजे चढाई, हे ठरूनच गेलं होतं.

त्यातले बहुतेक नारळ अनुपमाच्या घरी गेले. झकास खेळायची पोरगी! पण चौऱ्याऐंशी साली तिचा गुडघा मुरगळला आणि डॉक्टरांनी वर्षभर मैदान बंद केलं. मग ती खडू घेऊन माझ्याजवळ बसू लागली. गुण लिहून झाले की तिचे हात शिवशिवायचे, आणि जीभ तर थांबायचीच नाही.

तिचा सगळा राग मालनवर. मालन डाव्या कोपऱ्यात खेळायची. घोट्याची पकड अशी की सुटायचं नाव नको. पण चढाई तिला जमत नसे आणि पकडीही फारशा दिसत नसत. अनुपमा म्हणायची, "मास्तर, आपल्या सात जणींत सहाच खेळतायत. थांबा, मी दाखवूनच देते."

तिने माझ्या अर्ध्या अंगावर मैदान आखलं. समोरची मुलगी चढाईला आली की जिथे ती हात-पाय टाकेल, तिथे एक ठिपका. सामना संपला तरी ते ठिपके पुसायचे नाहीत, वरून गोणपाट टाकायचं. सामन्यामागून सामने झाले आणि माझा उजवा भाग पांढरा होत गेला. मधल्या जागेतही ठिपके पडले. मालनचा डावा कोपरा मात्र काळाकुळकुळीत.

मित्रांनो, या ठिपक्यांनी एक गंमत केली. पूर्वी लोक फक्त "किती झाले रे?" एवढंच विचारायचे. आता माझ्याभोवती घोळका जमायचा. "ही मुलगी दरवेळी उजवीकडेच वळते बघ!" "अरे हो की! पुढची चढाई बघू या!" एकच सामना, पण बघणाऱ्यांना त्यात दहा गोष्टी दिसू लागल्या. मीही असा फुगलो होतो म्हणून सांगू!

अंतिम सामना मुलुंडच्या संघाशी होता. आदल्या दिवशी अनुपमाने गुणाजी मास्तरांना माझ्यापुढे उभं केलं. "बघा. मालनच्या कोपऱ्यात काही घडतच नाही. तिच्या जागी राखीव शकूला घ्या, ती चढाई तरी करते."

मास्तरांनी मान डोलावली. "खरा सांगतंस गो. मालन उद्या भायर."

मालन मागेच उभी होती. तिच्या घरून स्पष्ट सांगितलं होतं, संघात जागा असेल तर खेळ, नसेल तर संध्याकाळी आत्याकडे शिवणकामाला बस. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, मी कुठे चुकले ते तरी सांगा." मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या अंगावरचं बघून त्या पोरीचा खेळ सुटणार होता, आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला. अनुपमाने या सामन्यासाठी गुलाबी खडू आणला होता. मुलुंडची चंपा, उंच आणि चपळ, पहिल्याच चढाईत डाव्या कोपऱ्यात घुसली आणि शकूला बाद करून गेली. एक गुलाबी ठिपका पडला. पुन्हा डावीकडे. पुन्हा ठिपका. दुसरी आली, तीही डावीकडेच! आमच्या सातही जणी बाद होऊन आमच्यावर लोण चढला, भटवाडीची पार वाट लागली. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा मालनचा काळाकुळकुळीत कोपरा गुलाबी झाला होता.

अनुपमा माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने कपाळावर हात मारला. "अय्या! मास्तर, मी उलटं वाचलं! तिथे काही घडत नव्हतं, कारण मालनला घाबरून तिथे कुणी जातच नव्हतं!"

मास्तरांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "अरे देवा! म्हंजे ह्या पोरीन नुसता उभ्या रव्हान अर्धा मैदान राखला?"

अनुपमा लंगडत मालनकडे गेली. "चूक माझी आहे गं. मी..."

"मग आता बोलत काय बसलीस? शिट्टी होईल ना!" मालनने ओढणी कमरेला खोचली आणि मैदानात उतरली.

अनुपमा आता नुसती ठिपके काढत नव्हती, ओरडून सांगतही होती. "मालन तिथे आहे, म्हणजे त्या उजवीकडेच येणार! लता, विमला, उजवीकडे दबा धरा!" आणि तसंच होऊ लागलं. मुलुंडच्या मुली डावीकडे बघायच्या, मालन मांडीवर थाप मारायची, की त्या वळल्याच उजवीकडे. तिथे लता आणि विमला तयारच. एकेक गुण भरून निघाला. लोकांची मान एकदा मैदानाकडे आणि एकदा माझ्याकडे. डाव्या कोपऱ्यात नवा ठिपका पडत नाही हे बघून कुणीतरी आरोळी ठोकली, "मालन आली, आता कोपरा कोराच!" मग सगळी भटवाडी तेच ओरडू लागली.

गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई उरली. चंपा आली. डावीकडे एक पाऊल टाकलं, मालनचे डोळे पाहिले आणि पाऊल मागे घेतलं. उजवीकडे झेपावली, आणि लताने घोटा धरला, विमलाने कंबर! एका गुणाने आम्ही जिंकलो. माझ्यावर इतके हात आपटले की माझा पाय तेव्हाच मोडला. मोडू दे! असा पाय पुन्हा मोडायलाही मी तयार आहे.

मास्तर नारळ घेऊन आले. नेहमीप्रमाणे सगळ्यात जास्त गुणवालीला द्यायला निघाले, मग थांबले आणि नारळ मालनच्या हातात ठेवला. शेवटच्या अर्ध्या सामन्यात तिच्या नावावर एकही गुण नव्हता. तिचे डोळे भरून आले. "आता आत्याची मशीन दुसरं कुणीतरी चालवेल," ती म्हणाली आणि हसत सुटली. अनुपमाने माझा डावा कोपरा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला. तिथे तिने मालनचं नाव लिहिलं नाही. तो तसाच काळा ठेवला.

मित्रांनो, हल्ली मी मंडळाच्या खोलीत असतो. माझ्यावर रक्तदानाच्या आणि हळदीकुंकवाच्या सूचना लिहितात. कधी कधी महिनोन् महिने कुणी पुसत नाही, तेव्हा अंग खाजतं हो! जमलं तर मला अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा आणि वर्षातून एकदा काळा रंग द्या, एवढंच मागणं आहे. आणि लिहायला आलात की खाली डावीकडची तेवढी जागा सोडा. जागा कमी पडली तर अक्षर बारीक काढा, पण तिथे लिहू नका. तिथे मालन उभी आहे.