दहापैकी सहा

मास्तरांना मॉर्फिन मंजूर झालं. पण ही बातमी आपण ऐकलीच नाही असं धरून चालू. मास्तरांनीही ती ऐकली नव्हती.

ते उशीचा कोपरा दातांत धरून मंगळवारच्या सिस्टरची वाट पाहत पडले होते. कर्करोग हाडांत उतरला होता. त्यांची कूस बदलायची तर मुलगी आधी खिडक्या लावून घेई, शेजाऱ्यांसाठी.

सिस्टरनं फॉर्म काढला.

"मास्तर, दहापैकी किती दुखतंय? सात किंवा त्याच्या वर असलं तरच मॉर्फिनची फाइल पुढे जाते. आणि पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

मास्तरांनी उशी सोडली, घाम पुसला, नीट विचार केला.

"सहा."

मुलीनं कपाळावर हात मारला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांनी कुठल्याच निबंधाला दहापैकी सहाच्या वर गुण दिले नव्हते. पोटच्या पोरीला पाच. तेही अक्षर बरं म्हणून.

सिस्टरची पाठ वळताच ती कडाडली, "बाबा, सात म्हणायला जीभ झडते का तुमची?"

"सात म्हणजे उत्तम. याहून जास्त दुखणारा कुणी असेलच की. त्याला मग मी काय देऊ?"

"त्याचं तो बघेल!"

"गुण वाटायचे नसतात गं. मिळवायचे असतात."

पुढच्या मंगळवारपर्यंत उशीचा अभ्रा चावून फाटला होता. मुलीनं सकाळपासून घोकून घेतलं होतं: सात, बाबा, सात. सिस्टरनं विचारलं. मास्तरांनी एकदा मुलीकडे पाहिलं.

"साडेसहा."

मुलीनं आशेनं सिस्टरकडे पाहिलं.

"अर्धा चालत नाही, ताई. अर्धा आला की खालचा आकडा धरायचा."

"बरोबर आहे," मास्तर कण्हत म्हणाले. नियमानं तपासणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी सिस्टरनं तीनदा विचारलं. मास्तरांनी डोळेच उघडले नाहीत. तिनं फॉर्म उलटा केला आणि मागचा नियम बोट ठेवून वाचला: उत्तर न देणाऱ्या रुग्णास दहा गुण धरावेत. तिनं दहा लिहिले.

"आता होईल हं काम, ताई."

झालंही. बाटली शुक्रवारी आली. मास्तर गुरुवारी गेले होते.

बाटलीबरोबर पोचपावती होती. मुलगी मास्तरांच्या टेबलाशी बसली. त्यांनीच छडीच्या धाकानं गिरवून घेतलेल्या अक्षरात, डावीकडे समास सोडून, तिनं सहीच्या वर लिहिलं:

'माननीय अधिकारी यांस, बाटली सीलबंद परत पाठवीत आहे. माझ्या वडिलांना मिळालेले दहापैकी दहा गुण पहिल्या मंगळवारपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू धरण्यात यावेत व त्यानुसार हे औषध त्यांना त्याच दिवशी पोचते करावे, ही नम्र विनंती.'