पाच शब्दांची परीक्षा

आमचा मुकेश म्हणजे अकलेचा कांदा. दहावी कॉपी करून काढली, अन् आता चाळीस वर्साचा झाला तरी त्याले वाटते जग सारं कॉपीवरच चालते.

रिसोडच्या बाजारात आमचा बुढा, मुकेशचा बाप, मिरच्याचं पोतं उतरवतानी पडला, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तिथं मंजुषा नावाची पोरगी कागद घेऊन आली. म्हणे, "आजी, मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांची आठवण जाते, डोकं भरकटतं. तसं होऊ नये म्हणून आमचा अभ्यास चालू आहे." तिनं बुढ्याले पाच शब्द सांगतले. इळा, माठ, गूळ, चिमणी, दोर. घडीभरानं इचारले तं बुढ्यानं पाचही सांगतले. ऑपरेशननंतर तेच परत इचारणार व्हती. ज्याचं चुकंल त्याले खिडकीजवळची खाट, रोज चालवणं, जवळ बसून बोलणं, असं सारं भेटणार व्हतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी बुढा सलाईनची नळी ओढून राह्यला. "वावरात मिरचीले पाणी झालं, ड्रिपचा कॉक बंद करा गा!" मले पाह्यलं तं म्हणे, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

पन्नास वर्सं झाली वं माह्या लग्नाले!

तेवढ्यात मंजुषा आली. मुकेश मधात उभा. "बाबाले कमी ऐकू येते म्याडम, मी इचारतो." बापाच्या कानाले तोंड लावलं, वरून हात धरला, अन् पाचही शब्द कानात वतले. बुढा पोपटासारखा बोलला. पोरीनं 'ठीक' लिवलं अन् गेली.

"काहून केलं रे असं?" मी इचारलं.

"माय, बाबाले येड्यात लिवलं असतं तं भावकीत कोन्या तोंडानं फिरलो असतो?"

वा रे शहाण्या! बाप येडा झाला तं चालते, कागदावर नाई झाला पाह्यजे! त्याची बायको सुचिता, ते तं त्याच्याही वरची. माहेरी फोन लावून "पाचपैकी पाच" सांगत बसली.

तिसऱ्या दिवशी बुढ्यानं जेवण सोडलं, भिंतीकडं तोंड करून पडला. मंग मी सरळ मंजुषाकडं गेली. म्हणलं, "माह्या पोट्ट्यानं कॉपी केली वं बाई. बुढ्याचं डोकं ठिकाणावर नाई. त्याले नापास कर."

ते धावतच आली. पयलं इचारलं, "नथ्थूबाबांचा चष्मा कुठंय? कानाची मशीन? ऑपरेशनसाठी काढली, ती परत लावलीच नाही?"

दोनी माह्या कमरेच्या बटव्यात व्हत्या, फडक्यात गुंडाळून. वार्डात चोऱ्या होते म्हणून मी जपून राह्यली व्हती. झोपतानी बी बटवा सोडला नाई. साऱ्या वार्डाले अक्कल शिकवणारी मी!

मुकेशनं नुसतं माह्याकडं पाह्यलं. हासला असता तं बरं झालं असतं.

चष्मा लावला, मशीन लावली, खाट खिडकीजवळ नेली. दोन दिवस मंजुषा सकाळ-संध्याकाळ त्याले धरून चालवे, बोलवे. तिसऱ्या सकाळी बुढ्यानं मले निरखून पाह्यलं.

"आवडे," त्यानं माह्या नावानं हाक मारली.

मले तं रडूच फुटलं.

"तुमी सारे खाटेभवती तोंडं हालवून राह्यले व्हते," तो म्हणे. "धुकट धुकट दिसे, आवाज कोनाचाच नाई. मले वाटलं, मी मेलो. तू रडून राह्यली व्हती का तवा?"

"नाई तं काय," मी म्हणलं.

मुकेशले शिव्या देऊन राह्यली व्हती, हे सांगाची मले हिंमत झाली नाई.